फक्त शेतांवरून गेलं

एप्रिलमधली रात्र होती. टोर्नेडोचा सायरन वाजला आणि आम्ही बिल्डिंगमधले दहा-बारा जण खाली तळघरातल्या लाँड्री रूममध्ये जाऊन उभे राहिलो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिलमध्ये राहणाऱ्यांना वसंत म्हणजे हे असतंच, कुणी कुत्र्याला कडेवर घेऊन येतं, कुणी पायात दोन वेगळ्या चपला घालून येतं, आणि सगळे एकमेकांकडे बघून उगाच हसतात. एका ड्रायरमध्ये कुणाचे तरी कपडे अजून गरगरत होते, साबणाचा गोडसर वास आणि ड्रायरची ऊब भरून राहिली होती. एका मुलाने लोकल चॅनेलचं लाईव्ह लावून फोन वॉशिंग मशीनवर उभा केला होता, आम्ही सगळे त्या एवढ्याशा स्क्रीनवर वाकून. हवामानवाला नकाशा झूम करत करत पार गावांची नावं संपेपर्यंत गेला, मग रंग बदलून रडारचं दुसरं चित्र लावलं आणि एका ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाला, इथे रडारला पाऊस दिसत नाहीये, वेडंवाकडं काहीतरी दिसतंय, म्हणजे टोर्नेडो जमिनीवर टेकलाय आणि सामान उचलून हवेत फिरवतोय. आणि लगेच पुढे म्हणाला, सुदैवाने हा सगळा मोकळा भाग आहे, शेतंच आहेत. आमच्या खोलीत सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "चला, फक्त शेतांवरून गेलं."

मग तो ठिपका कशाचा होता?

त्या हवामानवाल्यावर माझा राग नाही. तो माणूस तासन्‌तास उभा राहून बोलत होता, घसा बसला होता त्याचा, आणि हजारो घाबरलेल्या लोकांना धीर द्यायचा तर असंच काहीतरी बोलावं लागतं. शेजारच्या बाईंवर तर अजिबातच नाही, त्यांचा नातू शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटा होता, त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल, मलाही वाटलं. पण वर घरी येऊन झोपले तरी डोळ्यासमोर तो ठिपका काही जाईना. रडार काही उगाच ठिपका काढत नाही. हवेत जे फिरत होतं ते कुणाचं तरी छप्पर होतं, कुणाच्या गोठ्याचे पत्रे होते, कुंपणाचे खांब, फळ्या, फांद्या, माती, गवताचे भारे. शेत मोकळं दिसतं ते नकाशात. ज्याने ते कसलंय त्याला विचारा, एक कोपरा मोकळा नसतो.

हे मला एवढं लागण्याचं कारण म्हणजे डिसेंबर २०२१. टोर्नेडोने पश्चिम केंटकीतल्या मेफिल्ड गावाचं काय केलं ते सगळ्यांनी बघितलं, कोर्टाच्या इमारतीचा मोडलेला माथा, मेणबत्तीचा कारखाना, तिथे रात्रपाळीला असलेली नऊ माणसं. ते फोटो जगभर गेले आणि जायलाच हवे होते. पण तो टोर्नेडो काही एका मेफिल्डपुरता नव्हता. टेनेसीच्या कोपऱ्यातून निघाला आणि जवळपास तीन तास जमिनीवरून चालत राहिला, २६६ किलोमीटर. वाऱ्याचा सर्वाधिक अंदाज ताशी ३०० किलोमीटरच्या वर. ५७ माणसं गेली त्या एका टोर्नेडोत. त्या २६६ किलोमीटरमध्ये मेफिल्ड असं किती? अगदी थोडं. डॉसन स्प्रिंग्ज, ब्रेमेन ही तर लहानच गावं. बाकी सगळं शेत, रान, ओढे, दोन घरं, परत शेत. डिसेंबरची १० तारीख, रात्रीची वेळ, हवा मात्र उन्हाळ्यासारखी कोमट. खालून मेक्सिकोच्या आखाताकडची दमट हवा, वर जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा जोर, आणि प्रत्येक उंचीवर वारा वेगळ्या दिशेने, एवढं जमून आलं की ढग आपोआप फिरायला लागतो. डिसेंबर म्हणून कुणी फारसं मनावर घेत नाही, कारण आपल्या डोक्यात टोर्नेडो म्हणजे एप्रिल-मे.

त्या रात्री उचललेलं सामान तीस हजार फुटांपर्यंत गेलं होतं. विमानं उडतात त्या उंचीला. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडे इंडियानातल्या न्यू अल्बनीमध्ये, म्हणजे आमच्या घरापासून पूल ओलांडला की, एका गाडीच्या काचेवर एक जुना कृष्णधवल फोटो चिकटलेला सापडला. पट्ट्यापट्ट्यांचा ड्रेस घातलेली बाई, मांडीवर लहान मुलगा, मागे पेनाने नावं आणि १९४२ साल. डॉसन स्प्रिंग्जमधल्या घरातून तो उडाला होता, दोनशे किलोमीटरहून जास्त लांबून. नावावरून सोशल मीडियावर शोधाशोध झाली, फोटो घरच्यांपर्यंत पोचला. अशा सापडलेल्या वस्तूंसाठी लोकांनी फेसबुकवर ग्रुपच काढला, त्यात रोज शेकडो फोटो यायचे, बाप्तिस्म्याची सर्टिफिकेटं, शाळेची प्रगतिपुस्तकं, कुणाच्या तरी आजीच्या हातची पाककृती. मी तो ग्रुप वेड्यासारखा बघत बसायचे. २०११च्या अलाबामाच्या मोठ्या वादळानंतरही असंच झालं होतं, त्या वेळी जॉर्जिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी नऊशेहून जास्त वस्तू कुठून कुठे गेल्या ते मांडलं, त्यातला एक फोटो तर साडेतीनशे किलोमीटर गेला होता. कागद, फोटो हलके, म्हणून लांब जातात.

जड सामान मात्र जवळच पडतं. शेतात.

फेब्रुवारीत ऑफिसमधली एक मैत्रीण म्हणाली की तिच्या चर्चचे लोक ग्रेव्ह्ज काउंटीत, म्हणजे मेफिल्डच्याच भागात, शेतं साफ करायला चाललेत, येतेस का. मला वाटलं घरं साफ करायची असतील. तिथे पोचलो तर समोर गव्हाचं शेत. ऑक्टोबरमध्ये पेरलेला गहू, हिवाळ्यात तो घोट्याएवढाच राहतो, मस्त गर्द हिरवा, सगळीकडे करडं रान आणि मधेच ही हिरवी चादर. रस्त्यावरून बघितलं तर शेताला काहीच झालेलं नव्हतं, उलट तेवढाच एक तुकडा जिवंत दिसत होता. शेताचे मालक म्हातारे गृहस्थ, मी मनातल्या मनात त्यांना आजोबाच म्हणायला लागले. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं, हाताला हात लागेल एवढ्या अंतरावर, आणि म्हणाले आता हळूहळू चालायचं आणि जे गहू नाही ते उचलायचं. बस्स, एवढीच सूचना. तांदूळ निवडतात ना, तसं अख्खं शेत निवडायचं होतं.

पहिली काही पावलं मला काही दिसेचना. मग नजर बसली आणि दिसायचं थांबेना. खिळे, छपराचे रुंद डोक्याचे खिळे, काचा, प्लॅस्टिकच्या पाईपचे तुकडे, वायर, अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, फरशीचा कोपरा, चमच्याचं अर्धं टोक, बाहुलीचा बूट. आणि ते गुलाबी इन्सुलेशन, भिंतींच्या आत भरतात ते काचेच्या तंतूंचं. पावसाने भिजून मातीत दबलेलं, वर टोकापुरतं गुलाबी, ओढलं की लांबच लांब येतं आणि मधेच तुटतं. ग्लव्ह्ज असले तरी मनगटाला खाज सुटतेच, रात्री आंघोळ केली तरी गेली नव्हती. जमीन ओली, बुटांना किलोभर चिखल, वारा तोंडावर, आणि बोलायला कुणाला फुरसत नाही कारण मान वर केली की एखादा खिळा सुटणार. अधूनमधून कुणीतरी हात वर करायचं, म्हणजे फोटो किंवा कागद सापडला. ते वेगळ्या डब्यात. त्या डब्याला आजोबांची बायको राखण बसली होती, ती प्रत्येक कागद आपल्या ॲप्रनला पुसून दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये ठेवायची. तिच्या स्वतःच्या घराचं अर्धं छप्पर निळ्या ताडपत्रीखाली होतं, वारा आला की ताडपत्री फडफड वाजायची, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. मी विचारलं, यात तुमचं काही आहे का. म्हणाली, "आमचं पुढे कुणाच्या तरी शेतात पडलं असेल. तेही कुणीतरी उचलत असेल."

आजोबांना घरापेक्षा शेताची घाई का, हे मला जेवायच्या सुट्टीत कळलं. जूनमध्ये गहू कापायला कंबाईन येणार, तिच्या पात्यात लोखंडाचा एक तुकडा गेला तरी मशीन मोडते, टायर फाटतात, आणि धान्यात काच निघाली तर कोठीवाला अख्खी गाडी परत पाठवतो. पण त्यांची खरी काळजी गुरांची होती. पलीकडच्या कुरणात त्यांच्या गाई होत्या, काळ्या अँगस जातीच्या, आणि गाय चरताना निवडत नाही. जिभेने गवताचा झुबका ओढते आणि गिळून टाकते, त्यात खिळा असला तर खिळाही. तो तिच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतो, जाळीसारख्या आतल्या भिंतीच्या कप्प्यात, आणि त्या भिंतीच्या अगदी पुढे पडद्याआड हृदय असतं. पोट आवळलं की खिळा पुढे सरकतो. गाय खायची कमी होते, पाठ कमानीसारखी करून उभी राहते, चालायला नको म्हणते. यावर उपाय म्हणून गाईला लोहचुंबक गिळायला देतात. आजोबांनी खिशातून काढून माझ्या हातात दिला, बोटाएवढा गुळगुळीत, गार, वजनाला चांगलाच. तो घशात ढकलला की त्याच कप्प्यात जाऊन पडतो आणि जन्मभर तिथेच राहतो, लोखंड धरून ठेवतो. मी तो हातात घेऊन उभी होते आणि माझ्या जॅकेटची चेन त्याला जाऊन चिकटली. आजोबा म्हणाले, "काच धरत नाही हा. अॅल्युमिनियम धरत नाही. ते गुलाबी पण नाही धरत." म्हणून ते बाकीचं हाताने.

गवताचे गोल भारे कुरणाच्या कडेला रांगेत होते, वर प्लॅस्टिकची जाळी, बाहेरून चांगले दिसत होते. त्यातले बरेच त्यांनी जाळायचे ठरवले होते, कारण आत काय घुसलंय ते कळायला मार्ग नाही आणि भारा उलगडून निवडणं शक्य नाही. हिवाळ्याच्या मध्यात चारा जाळायचा. कुठल्या बातमीत हे दाखवणार आणि कसं दाखवणार, कॅमेऱ्यापुढे तर नुसते गवताचे भारे आहेत, शाबूत.

परत आल्यावर मी टोर्नेडोचं मोजमाप कसं करतात ते वाचायला घेतलं. आपण बातमीत ईएफ४, ईएफ३ असे टोर्नेडोच्या जोराचे नंबर ऐकतो, शून्य सगळ्यात कमी, पाच सगळ्यात जास्त, आणि आपल्याला वाटतं कुणीतरी वारा मोजला. तसं क्वचितच होतं. वादळ गेल्यावर नॅशनल वेदर सर्व्हिसचे, म्हणजे सरकारी हवामान खात्याचे, लोक चालत फिरतात आणि काय मोडलंय ते बघून मागे जाऊन वाऱ्याचा अंदाज बांधतात. मूळ कल्पना टेड फुजिता या जपानी वंशाच्या शास्त्रज्ञाची, आणि २००७ पासून अमेरिकेत तिचं सुधारलेलं रूप वापरतात. त्यात २८ प्रकारच्या गोष्टी आहेत, घर, शाळा, मोटेल, मॉल, विजेचा खांब, शेवटी दोन प्रकारची झाडं. पहिल्याच नंबरवर आहे छोटं कोठार, शेतातली शेड. मला आधी बरं वाटलं, म्हटलं शेताची आठवण ठेवली. मग पुढचा रकाना बघितला. कोठार समूळ नाहीसं झालं, एक फळी राहिली नाही, तरी त्यावरून वाऱ्याचा अपेक्षित अंदाज निघतो ताशी ११२ मैल, म्हणजे १८० किलोमीटर. ईएफ२. कारण कोठार तेवढ्या वाऱ्यातच पडतं, त्यापुढे वारा कितीही असला तरी कोठार सांगू शकत नाही. हिशोब अगदी बरोबर आहे, यात त्या लोकांची काही चूक नाही, ते प्रामाणिकपणे जे दिसतं तेच लिहितात. आणि जिथे काहीच मोडायला नव्हतं तिथे लिहितात ईएफयू. यू म्हणजे माहीत नाही.

३१ मे २०१३ला ओक्लाहोमात एल रीनोजवळ जो टोर्नेडो झाला तो नोंदलेल्यातला सगळ्यात रुंद, २.६ मैल, म्हणजे चार किलोमीटरहून जास्त. संशोधकांची फिरती रडार जवळ होती, त्यांनी ताशी २९० मैलांच्या वर वारा मोजला. टिम सॅमरससारखा आयुष्यभर वादळं अभ्यासलेला माणूस, त्याचा मुलगा आणि सहकारी त्यात गेले. अधिकृत नोंद ईएफ३. कारण तो बहुतेक शेतांवरून गेला. आणि २० जून २०२५ला नॉर्थ डकोटात एंडरलिन नावाच्या लहानशा गावाजवळ टोर्नेडो झाला, तीन माणसं गेली, त्याला नंतर ईएफ५ दिला, बारा वर्षांत पहिल्यांदाच. तो ठरला कशावरून, तर नेमकी त्या वेळी रुळावर मालगाडी होती. भरलेले डबे पडले होते आणि एक रिकामी टँकर वाघीण जवळपास दीडशे मीटर लांब जाऊन पडली होती, त्या वजनांवरून गणित मांडता आलं. गाडी तासभर आधी निघून गेली असती तर त्याच वाऱ्याला कमी नंबर मिळाला असता.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. नंबराने काय होतं, नंबर काही कुणाला भरपाई देत नाही, हे मला माहीत आहे. पण नंबरावरून लक्षात राहतं. कॅमेरे कुठे जाणार, किती दिवस थांबणार, देणग्या कुठे वळणार, पुढच्या वर्षी कुणाला आठवण राहणार, हे सगळं नकळत त्या नंबराच्या मागे जातं. आणि माणसं तर तिथे जास्त उघडी असतात. अमेरिकेत टोर्नेडोत जी माणसं घरात मरतात त्यातली निम्म्याच्या आसपास मोबाईल होममध्ये, म्हणजे कारखान्यात बनवून आणून ठेवलेल्या हलक्या घरांत असतात, घरांच्या संख्येत त्यांचा वाटा अगदी लहान असूनही. गावाकडे अशी घरं जास्त, तळघर नाही, सायरन ऐकू येईल इतकं जवळ गाव नाही, इशारा मिळाल्यापासून हातात मिळून दहा-बारा मिनिटं, आणि रात्र असली तर माणूस झोपेत. शेजारी अर्ध्या मैलावर. ॲम्ब्युलन्स यायची तर रस्त्यावर झाडं पडलेली. आमच्या बिल्डिंगच्या तळघरात आम्ही दहा-बारा जण एकमेकांचे श्वास मोजत उभे राहू शकतो, तसं तिथे कुणाला उभं राहता येत नाही.

आजोबांच्या रस्त्याने पुढे गेलं की पोल्ट्रीच्या लांबच लांब शेड होत्या, होत्या म्हणजे त्यांचे लोखंडी सांगाडे होते, एका बाजूला कललेले. एकेका शेडमध्ये वीस-पंचवीस हजार पक्षी. कंपनीशी करार, पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, शेड मात्र शेतकऱ्याने कर्ज काढून बांधलेली. शेड गेली, कर्ज तसंच. त्याच्याही पुढे तंबाखूचं जुनं कोठार होतं, त्या भागात धुरावर तंबाखू वाळवतात, खाली लाकडाचा भुसा धुमसत ठेवतात आणि वर पानं टांगतात, अशी काळपट पडलेली उंच कोठारं. त्याच्या फळ्या रानभर विखुरलेल्या होत्या, दोन महिने पावसात भिजून सुद्धा हातात घेतल्यावर धुराचा वास येत होता, गोड, जाड वास, आणि मला तो आवडला. आवडला याचं मला कसंतरीच वाटलं. कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांपासूनचा धूर होता तो. असं कोठार परत कुणी बांधत नाही, विम्याचे पैसे आले तरी लोखंडी शेड बांधतात, तेच परवडतं.

असं मिश्र तिथे फार वाटायचं. मला ढग बघायला अजूनही आवडतात, लांबवर उभा असलेला तो पांढरा मनोरा, वर ऐरण पसरल्यासारखा सपाट, संध्याकाळी गुलाबी होतो, त्याच्यावरून नजर हलत नाही. पश्चिम केंटकीतल्या त्या लोकांनाही आवडतो. आजोबा म्हणाले, पोर्चवर बसून वीज बघायची सवय त्यांना वडिलांनी लावली. आता नाही बसत का, मी विचारलं. म्हणाले, पोर्च नाही राहिला.

त्या वसंतात तिथे अमिश आणि मेनोनाईट, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथांचे लोक आले, त्यांनी न बोलता कोठारं उभी केली. दुसऱ्या राज्यांतले शेतकरी ट्रेलर भरभरून खांब आणि तार घेऊन आले, कारण कुंपण नाही म्हणजे गुरं हायवेवर, आणि हे ज्याची गुरं आहेत त्यालाच आधी सुचतं. मी नंतरही जात राहिले, फार नाही, सुट्टी जमेल तशी. जूनमध्ये गहू कापला, कंबाईन शाबूत राहिली. मला वाटलं संपलं.

पुढच्या वर्षीच्या शरदात आजोबांची एक गाय गेली. चांगली तरणी, दोन वेतं झालेली. आधी खाणं कमी झालं, मग पाठ वर करून उभी, मग गळ्याखाली सूज. चुंबक होता तिच्या पोटात. डॉक्टरांनी नंतर उघडून बघितलं तर चुंबकाला खिळ्यांचा नुसता गुच्छ होता, आणि एक लांब तार मात्र त्याच्या हाती न लागता आधीच पुढे गेलेली होती. आजोबांनी मला हे फोनवर सांगितलं, आवाज एकदम सपाट. वादळात जनावर दगावलं तर सरकारची योजना आहे, बाजारभावाच्या ७५ टक्के मिळतात. पण जनावर वादळानंतर ६० दिवसांच्या आत मेलेलं असावं लागतं. ६० दिवस कुठे, इथे दोन हिवाळे जवळ आले होते. ते म्हणाले, "अर्ज केलाच नाही मी. कारण म्हणून काय लिहायचं होतं?"

मला वाटतं टोर्नेडो हे उत्तर बरोबर होतं. त्या गाईला टोर्नेडोनेच मारलं, फक्त वेळ लागला. वादळाची मोजदाद आपण वाऱ्याबरोबर थांबवतो, शेतात मात्र ते गवताच्या मुळाशी पडून असतं, नांगरटीत वर येतं, पावसात वर येतं. शहरात ढिगारा उचलला की जागा रिकामी होते, कंत्राटदार येतो, ट्रक येतात, आकडा ठरतो. शेतातलं कुणी उचलायला येत नाही कारण ढीगच नसतो, दर दोन पावलांवर एक खिळा असतो. एकरच्या एकर. त्याचा ट्रक भरत नाही.

मग १६ मे २०२५. पुन्हा केंटकी, पुन्हा रात्र, या वेळी राज्याच्या दुसऱ्या अंगाला, समरसेट आणि लंडन या तिथल्या गावांच्या बाजूने, ईएफ४. १९ माणसं गेली, बहुतेक लॉरेल काउंटीत. लंडनजवळच्या वस्तीचे फोटो तुम्ही बघितले असतील. दुसऱ्या दिवशी मी आजोबांना फोन लावला, म्हटलं ऐकलंत का, तर त्यांच्या बाईंनी उचलला, म्हणाल्या ते मागे ट्रेलरला खांब बांधतायत. राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गाडी हाकायची होती, वय झालेलं, कुणाचं ऐकणार नव्हते. पुढच्या शनिवारी मीही गेले.

तिथलं शेत एका बाईंचं होतं, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, नवरा नाही, दोन मुलगे आणि तीसेक गुरं. घराला फारसं झालेलं नव्हतं, गोठा गेला होता. आणि समोर गवताचं रान उभं, कमरेएवढं, वाऱ्यावर डोलत होतं, फुलावर आलेलं. मे महिना म्हणजे तिकडे चाऱ्याची पहिली कापणी, वर्षातली सगळ्यात मोठी. त्या म्हणत होत्या की दोन दिवस ऊन आहे, कापून घेते, एवढं तरी वाचलंय. आजोबा काही बोलले नाहीत, सरळ गवतात शिरले, वाकले, दोन्ही हातांनी बुडखे बाजूला करत थोडं फिरले आणि परत आले. मूठ उघडून दाखवली. छपराचे खिळे, काचेचा चुरा, आणि गुलाबी लांब झुबका. बाईंचा चेहरा बघवेना. म्हणाल्या, मग हे सगळंच? ते म्हणाले, या वेळचं सगळं. कापायचं, पण गुरांना नाही घालायचं, एका कोपऱ्यात नेऊन टाकायचं, मग बुडाशी काय आहे ते दिसेल आणि आम्ही वेचू, दुसरी कापणी कदाचित धरता येईल. बाई म्हणाल्या, हे माझं हिवाळ्याचं होतं, हिवाळ्यात मी काय घालू. मोठा मुलगा तिथेच होता, त्याला राग आला होता, कुणाचा ते त्यालाही सांगता आलं नसतं, तो म्हणाला बाहेरून आलेल्या माणसाच्या सांगण्यावरून आपण सोन्यासारखा चारा टाकायचा का. आजोबांनी त्याला त्या गाईचं सांगितलं. सगळं सांगितलं, पाठीची कमान, गळ्याखालची सूज, चुंबकावरचा गुच्छ, तार. मुलगा गप्प झाला, मग म्हणाला, चुंबक कुठे मिळतात.

दुपारपर्यंत कुंपणाची रस्त्याकडची बाजू उभी झाली. ट्रेलर रिकामा झाल्यावर आजोबांनी बाईंना विचारलं, तीस गुरं म्हणजे हिवाळ्याला किती भारे लागतात तुम्हाला. त्यांनी आकडा सांगितला. ते म्हणाले, एवढे सगळे माझ्याकडे नाहीत, निम्मे आहेत, गेल्या वर्षीचे, स्वच्छ आहेत, बाकीच्यासाठी मी आमच्याकडच्या दोघा-तिघांना विचारतो, ऑक्टोबरच्या आत आणून टाकू. बाईंनी पैशाचं काढलं तर म्हणाले ते नंतर बघू, आधी भारे ठेवायला कोरडी जागा कुठे आहे ते दाखवा, गोठा तर गेलाय. मग त्या दोघांनी आणि मोठ्या मुलाने घरामागच्या उंचवट्यावर जाऊन पावलांनी जागा मोजायला घेतली.